रातव्याच्या पाठीवरचं नाव

मित्रांनो, जरा डोळे मिटून बघा. तुम्ही तळहाताएवढे आहात आणि पुठ्ठ्यासारखे चपटे आहात. तुम्हाला पाय नाहीत, तोंड नाही. तुमच्या एका बाजूला चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला एक रिकामी ओळ आहे. एके दिवशी त्या ओळीवर कोणीतरी पेन्सिलीने आपलं नाव लिहितं, आणि त्या क्षणापासून तुम्हाला त्या माणसाचा श्वास ऐकू येऊ लागतो. ते माणूस शेजारच्या खोलीत असो नाहीतर गावाच्या दुसऱ्या टोकाला, श्वास ऐकू येतोच. जमलं? मग उघडा डोळे. तुम्ही पुन्हा मुलं झालात. मी मात्र तसाच राहिलो, कारण मी आहेच एक जुनं चित्रकार्ड. चाळीस पक्ष्यांच्या मालिकेतला सतरा नंबरचा रातवा.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठ्या तावावर आम्ही चाळीस भावंडं खांद्याला खांदा लावून होतो. आधी पिवळा रंग आला, मग तांबडा, मग निळा, आणि सगळ्यांत शेवटी काळा. रंग वाळले तसं वरून पातं उतरलं आणि आमची ताटातूट झाली. आम्हाला साबणाच्या वड्यांबरोबर एकेकटं गुंडाळून दुकानोदुकानी पाठवण्यात आलं. साबण संपून किती वर्षं झाली, पण अजूनही मला कोणी नाकाशी धरलं तर म्हणतं, ‘‘कोणी आंघोळ करून आलंय वाटतं!’’

रातवा हा पक्षी दिवसा वाळक्या पानांत बसून राहतो आणि पानांसारखाच दिसतो. आमच्या चित्रकाराने तो इतका हुबेहूब काढला होता, की मुलं मला उलटंसुलटं करून म्हणायची, ‘‘याच्यावर पक्षी छापायचाच राहिला की!’’ नीट बघणाऱ्याला आधी एक डोळा सापडे, आणि मग हळूहळू सगळा पक्षी. माझ्या पाठीवर दोनच वाक्यं होती. ‘रातवा दिवसा सहज दिसत नाही. तो शोधावा लागतो.’ आणि खाली बारीक अक्षरांत, ‘हे कार्ड’, मग एक रिकामी ओळ, मग ‘यांचे आहे.’

मी ज्या वडीबरोबर गेलो ती वडी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी आली. तिने मला वाळवलं, पुसलं आणि लगेच पेन्सिल घेऊन त्या ओळीवर नाव लिहिलं. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ते तिचं आहे, आणि नाव किती जपावं लागतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढंच सांगतो, की ती फार जोर देऊन लिहायची. तिने वहीत एका पानावर शुद्धलेखन लिहिलं की पुढच्या तीन पानांवरही ते वाचता येई. तिची पेन्सिल माझ्या पाठीत रुतली आणि मला पहिल्यांदा श्वास ऐकू आला. थोडा भरभर, सर्दी झालेला, आनंदी.

असं का होतं, ते मला विचारू नका. मी जाड कागद आहे. कागदाला कारणं कळत नाहीत.

वर्षं गेली. मी तिच्या बटणांच्या डब्यात राहिलो आणि ती मोठी होत गेलेली मी ऐकली. पुढे ती एका शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून काजं-बटणं करू लागली. काजाला पहिला टाका घालताना ती श्वास धरून ठेवायची आणि शेवटचा टाका आवळला की सोडायची. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, ‘‘काजं करायला दोन हात पुरतात. आणखी दोन हातांची लुडबुड कशाला?’’ धाकट्या भावाचा संसार झाला तशी ती त्याच्याच घरी राहिली. भावाला मुलगी झाली आणि ती त्या मुलीची आत्या झाली. आता इथून पुढे मीही तिला आत्याच म्हणतो.

मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा आत्याने मला डब्यातून काढून तिच्या हातावर ठेवलं.

‘‘पक्षी शोध.’’

‘‘नाहीये.’’

‘‘आहे. घाई करू नकोस. बघत राहा.’’

मुलीने पक्षी शोधून काढला. तेव्हापासून ती मला आठवड्यातून एकदा तरी बघून जायची.

आत्याचा भाऊ, म्हणजे मुलीचे बाबा, फरशा बसवण्याचं काम करत. हात स्वच्छ, नजर ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ. दोन फरशांमधली रेघ केसाएवढी वाकडी झाली तर त्यांना रात्री झोप लागत नसे. त्यांना जुनी कार्डं जमवण्याचा नाद होता, आणि या नादातही त्यांना सगळं कोरंकरकरीत लागे. वर्षानुवर्षं ते कार्डांच्या मेळ्यात नुसतेच बघे म्हणून जात. यंदा त्यांना तिथे पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळणार होतं. ते आत्याकडे आले.

‘‘ताई, तो सतरा नंबर मला दे ना. अख्ख्या मेळ्यात कोणाकडे नसेल.’’

‘‘घे की. पण मुलीला बघायला मिळाला पाहिजे.’’

‘‘मिळेल. आधी त्याला जरा माणसांत आणतो.’’

माणसांत आणणं म्हणजे काय, ते मला रविवारी दुपारी कळलं. बाबांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं ठेवलं आणि खिशातून मऊ, पांढरा खोडरबर काढला. मुलगी समोर बसली होती.

‘‘बाबा, ते आत्याचं नाव आहे.’’

‘‘नाव कसलं? मळ आहे तो. लिहिलेल्या पाठीला दहातले चार गुण मिळतात. कोऱ्या पाठीला नऊ.’’

‘‘आत्याला विचारलंत?’’

‘‘त्यात काय विचारायचं? आत्याला आत्या म्हणायला तुला कार्ड लागतं का?’’

ते हसले आणि शेवटच्या अक्षरापासून खोडायला लागले. किती हलका हात होता त्यांचा! फरशीवरचं सिमेंट पुसावं तसं, एकाच दिशेने. आतल्या खोलीत आत्या बटणं मोजत होती. बावीस, तेवीस, चोवीस. एकेक अक्षर निघत गेलं तसा माझ्या पाठीतला श्वास बारीक होत गेला. पहिलं अक्षर निघालं आणि आतलं मोजणं थांबलं. बाबांनी फुंकर मारून कचरा उडवला.

दारातून मुलीच्या आईने आत्याला नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. आत्या खिडकीकडे तोंड करून बसून राहिली. मुलगी धावत आत गेली आणि म्हणाली, ‘‘आत्या!’’ तेव्हा ती वळली.

‘‘तुझी आई कोणाला बोलावतेय गं मघापासून?’’ तिने विचारलं.

मग माझे गुण ठरवायला बाबांनी मला कार्डं तपासणाऱ्यांकडे पाठवलं. तिथे हातमोजे घातलेल्या एका माणसाने मला डोक्यावरच्या दिव्याखाली सरळ धरलं, कोपरे मोजले, पाठ बघितली आणि नऊ गुण दिले. मला काचेसारख्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून डबी चारही बाजूंनी कायमची बंद करण्यात आली. डबी फोडली की गुण गेले, असा या लोकांचा नियम आहे. माझी एवढी वाहवा आयुष्यात कधी झाली नव्हती, मित्रांनो, आणि इतकं एकटंही मला कधी वाटलं नव्हतं.

परत आल्यावर बाबांनी मला जेवणाच्या टेबलासमोरच्या फळीवर उभं केलं. तिथे त्यांची आणखीही कार्डं होती. सगळ्यांच्या पाठी कोऱ्या. जुनं कार्ड कधी ना कधी कोणाचंतरी असतं, म्हणून मी कान देऊन ऐकलं. काहीच नाही. आत्ता आत्ता माणूस उठून गेलेल्या खोलीत जसं वाटतं, तसं त्यांच्याजवळ वाटत होतं.

आणि समोरच्या टेबलावर मी जे पाहिलं ते सांगताना अजूनही माझे कोपरे ताठ होतात.

पहिल्या आठवड्यात आत्या आपल्या नावाला ओ देईनाशी झाली. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात शिंप्याकडून काम येणं थांबलं. कपड्यांचं गाठोडं आणणारा माणूस दारावरून सरळ पुढे गेला, जसं काही या घराशी त्याचं कधी कामच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात आईने टेबलावर तीन ताटं मांडली.

मुलगी उठली आणि चौथं ताट घेऊन आली.

‘‘कोणी येणार आहे का गं?’’ आईने विचारलं.

आत्या तिथेच बसली होती, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून.

‘‘आई, आत्या!’’

आईने वर बघितलं. क्षणभर तिची नजर त्या खुर्चीवरून इकडून तिकडे फिरली. मग ती दचकली. ‘‘अगंबाई! मला झालंय तरी काय? वाढते हं, वाढते.’’

त्यानंतर एकदा बाबा कामावरून दमून आले आणि त्याच खुर्चीवर बसायला लागले. मुलगी किंचाळली. बाबा अर्धवट वाकलेले तसेच थांबले.

‘‘आत्या बसलीय ना तिथे!’’

‘‘कोण आत्या?’’ बाबा म्हणाले. आणि लगेच हसले. ‘‘हो, हो. ताई. दिसलीच नाही मला. दमलोय ना.’’

पण त्या हसण्याआधीचा जो क्षण होता, त्यात ते थट्टा करत नव्हते. मुलीने ते ओळखलं. मीही ओळखलं.

आत्याला दुखत-खुपत काही नव्हतं. एका संध्याकाळी ती मुलीला हळूच म्हणाली, ‘‘मला ना, विरल्यासारखं वाटतंय गं. धुऊन धुऊन कापड विरतं ना, तसं.’’ मुलीने तिचा हात धरला. हात गरम होता. मग ती माझ्यापाशी आली, डबी हातात घेतली आणि माझ्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

‘‘इथून पुसलं,’’ ती पुटपुटली, ‘‘आणि तेव्हापासून.’’

तिने पेनाने आपल्या मनगटावर आत्याचं नाव लिहिलं आणि ते रोज गिरवायला लागली, कारण तिचं तिलाही ते नाव आठवायला हल्ली वेळ लागत होता. दोनदा तिने पट्टीने डबी उघडायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा बाबांनी बघितलं.

‘‘वेड लागलंय का? नऊचे शून्य होतील!’’

‘‘मला तिचं नाव परत लिहायचंय.’’

‘‘कोणाचं नाव?’’ बाबांनी विचारलं, आणि मला कपाटात कुलपात ठेवलं.

मेळ्याचा दिवस उजाडला. एका शाळेचं भलंमोठं क्रीडागृह होतं. दारावर बसलेला माणूस आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारत होता. त्याने बाबांच्या हातावर मारला, मुलीच्या हातावर मारला आणि मागच्या माणसाकडे वळला. आत्यानेही हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. मुलीने तो हात आपल्या हातात घेतला आणि तिला आत आणून दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं.

‘‘इथून उठू नकोस हं, आत्या.’’

‘‘कुठे जाणार मी?’’

आतलं दृश्य काय सांगू! काळ्या कापडाची टेबलं ओळीने मांडलेली, त्यांवर काचेच्या पेट्या, पेट्यांत कार्डं. खेळाडूंची, आगगाड्यांची, फुलपाखरांची, राक्षसांची. फरशीवर मुलं आपापल्या फाइली उघडून बसली होती. ‘‘तुझा ड्रॅगन दे, माझी दोन जहाजं घे.’’ ‘‘हॅट्! जहाजं माझ्याकडे ढीगभर आहेत.’’ मोठी माणसं डोळ्याला भिंग लावून तेच करत होती, फक्त जरा गंभीर चेहऱ्याने. माणसांचा नुसता गलका चालला होता. पण कार्डं? हजारो जुनी कार्डं, हजारो कोऱ्या पाठी, आणि कुठूनही कसलाच आवाज नाही. इतकी गप्प गर्दी मी कधी पाहिली नव्हती.

मुलगी आत्याला बसवून बाबांच्या टेबलाशी आली तोवर मी तिथून गेलेलो होतो.

‘‘सतरा नंबर कुठे आहे?’’

‘‘दिला!’’ बाबांचा चेहरा फुलला होता. ‘‘त्या भिंगबाईंनी घेतला. बदल्यात दोन पूर्ण मालिका दिल्या. मेळ्यातल्या सगळ्यांत जाणकार बाई त्या! म्हणाल्या, असं स्वच्छ कार्ड बघितलं नव्हतं.’’

भिंगबाई म्हणजे पिकल्या केसांच्या, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेल्या एक बाई. त्यांचं टेबल पलीकडच्या ओळीत होतं आणि मी त्यांच्या पेटीत सगळ्यांत पुढे उभा होतो. मुलगी आपली फाइल छातीशी धरून त्यांच्यासमोर येऊन ठाकली.

‘‘मला हा रातवा परत पाहिजे. माझी सगळी फाइल घ्या.’’

बाईंनी फाइल चाळली. ‘‘छान जमवलं आहेस. पण नाही जमायचं, बाळ. दिलं-घेतलं झालं की झालं. नाहीतर संध्याकाळपर्यंत इथे रडारडच चालेल.’’

‘‘कधीच परत होत नाही?’’

‘‘दोनच कारणांनी होतं. कार्ड नकली निघालं तर, नाहीतर घासलेलं निघालं तर.’’

‘‘घासलेलं म्हणजे?’’

‘‘डाग काढलेलं, लिहिलेलं खोडलेलं. ते आधी सांगावं लागतं. न सांगता दिलं तर ती फसवणूक.’’ बाईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ मान वाकवता येणाऱ्या दिव्यापाशी पेंगत बसले होते. ‘‘ते दिवेकाका. कोणीही तपासायला सांगू शकतं, तूसुद्धा. पण नीट ऐक. घासलेलं निघालं, तर ज्याने दिलं त्याचं टेबल तिथल्या तिथे मिटतं. सगळ्यांदेखत. आणि त्याला पुन्हा टेबल मिळत नाही.’’

 मुलीने वळून बाबांकडे बघितलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते एका गिऱ्हाइकाला कार्ड कसं धरायचं ते दाखवत होते, कडांनी, बोटं न उमटवता. त्यांना इतकं खुशीत तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग तिने दाराकडे बघितलं.

दाराजवळच्या खुर्चीवर कोट ठेवलेले होते. दोन कोट आणि एक पिशवी. मुलगी त्या कोटांकडे बघत राहिली. घाई न करता, डोळे बारीक करून. कितीतरी वेळाने त्या कोटांवर तिला एक हनुवटी दिसली. मग दोन हात, निमूटपणे पिशवी सांभाळणारे. लोक येत होते आणि आपलं ओझं आत्याच्या मांडीवर ठेवून पुढे जात होते.

मुलीने बाही वर केली. घामाने मनगटावरची शाई पसरली होती. दोन अक्षरं राहिली होती. तिने ओठ हलवले, पहिलं अक्षर उच्चारलं, दुसरं उच्चारलं, आणि तिचे ओठ तसेच उघडे राहिले. पुढचं तिला आठवत नव्हतं.

‘‘हे घासलेलं आहे,’’ ती भिंगबाईंना म्हणाली. ‘‘माझ्या बाबांनी घासलंय. मी बघितलंय. तपासा.’’

शेजारच्या चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. भिंगबाईंनी मला उचललं आणि दिवेकाकांकडे नेलं. काकांनी मला पालथं ठेवलं आणि दिव्याची मान इतकी खाली आणली की उजेड माझ्या पाठीवरून आडवा सरपटायला लागला. गुण देणाऱ्यांचा दिवा डोक्यावर होता, म्हणून त्यांना काही दिसलं नव्हतं. आडव्या उजेडात माझ्या पाठीवर बारीक बारीक सावल्या उभ्या राहिल्या. खाचा. वळणं. अक्षरं.

‘‘खोडरबर शिसं उचलतो, पोरी,’’ काका म्हणाले. ‘‘दाब नाही उचलत. जोर लावून लिहिणारं होतं कोणीतरी.’’

तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. त्यांचे कान लाल झाले होते.

‘‘काका, मी चोरी नाही केली. मळ काढला फक्त. सगळेच काढतात! आणि तू गं, घरचं भांडण चारचौघांत?’’

‘‘बाबा, वाचा.’’

‘‘काय वाचू? माझं टेबल गेलं, कळतंय का तुला?’’

‘‘कळतंय.’’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने बोट माझ्यावरून हलवलं नाही. ‘‘आधी वाचा. मला सगळी अक्षरं लागत नाहीयेत. लवकर वाचा ना, बाबा!’’

बाबा चिडून वाकले. पहिलं अक्षर त्यांनी चिडूनच वाचलं. दुसरं जरा हळू. तिसऱ्या अक्षराला त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. शेवटचं अक्षर नुसत्या श्वासावर आलं.

‘‘ताई,’’ ते म्हणाले. मग ताठ झाले आणि भोवती बघायला लागले, भरल्या बाजारात पोर हरवल्यासारखे. ‘‘ताई कुठाय? सकाळी आपल्याबरोबर... आपण तिला आणलं होतं ना?’’

कोणाला काही सांगत बसायला ते थांबले नाहीत. ज्या हातांनी ते केसाएवढी रेघ जपत, त्याच हातांनी त्यांनी माझी डबी टेबलाच्या कडेवर आपटली. एकदा, दोनदा. ती तडकली. गर्दीतून कोणीतरी हळहळलं, ‘‘अहो, नऊ गुण होते!’’

कितीतरी दिवसांनी मला हवा लागली.

बाबांनी काकांच्या खिशातली पेन्सिल ओढून मुलीच्या हातात दिली. ‘‘तू लिही. याच हाताने मी खोडलंय.’’

तिने लिहायला घेतलं. जुन्या चाकोरीत चाक उतरावं तशी पेन्सिल त्या खाचांत उतरली आणि पुढे कुठे वळायचं ते तिला खाचच सांगत गेली. पहिल्या अक्षराला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरं अक्षर पुरं झालं आणि मला ऐकू आलं. फार दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. मग जवळून. मग शेवटचं अक्षर उमटलं, आणि दाराजवळ काहीतरी धप्पकन खाली पडलं.

‘‘कोणाचे कोट हे?’’ तिथून एक खणखणीत आवाज आला. ‘‘आँ? मला काय खुंटी समजलात?’’

सगळं क्रीडागृह वळलं. दारावरचा शिक्केवाला उठून उभा राहिला आणि घाबरत म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही कधी आलात? हात पुढे करा.’’

बाबा धावत गेले. त्यांनी बहिणीला नावाने हाक मारली, अगदी जवळ उभं राहून, मोठ्याने.

‘‘ओरडतोस काय?’’ आत्या म्हणाली. ‘‘बहिरी नाहीये मी.’’

नियम म्हणजे नियम. बाबांचं टेबल मिटलं. कोणी येऊन मिटायच्या आधी त्यांनी स्वतःच मिटलं. भिंगबाईंच्या दोन्ही मालिका मोजून परत दिल्या आणि मला मुलीच्या हातावर ठेवलं. त्यांची मान खाली होती, पण आत्या शेजारी उभी राहून कापडाची घडी घालत होती आणि सारखी बडबडत होती. ‘‘कोपरा धर. सरळ धर. फरशी बसवतोस ना? मग हे एवढं जमू नये?’’

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही तेच सांगायला आलो आहे. पण जपणं म्हणजे कोरं करणं नव्हे. हाताळून मऊ झालेला कोपरा, वहीवरचं वेडंवाकडं नाव, भांड्यावरचं पुसट अक्षर, यांना मळ म्हणण्याआधी जरा उजेड खाली आणून बघा. तिथे कोणीतरी असेल. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून ते नाही, असं समजू नका.

माझी गोष्ट इथेच संपायची. आत्या कोट घालून तयार होती, बाबा दारापाशी पोचले होते. पण मुलगी जागची हलली नाही. ती त्या लांबच लांब ओळींकडे बघत होती. टेबलांवरच्या काचेच्या पेट्या, पेट्यांतली जुनी कार्डं, सगळी स्वच्छ, सगळी गप्प. बघता बघता तिच्या हातावर काटा आला. मी त्याच हातावर होतो, म्हणून मला कळलं.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘हा दिवा उचलून नेता येतो?’’

दिवेकाकांनी भिंगबाईंकडे पाहिलं. भिंगबाई आपल्या पेटीकडे बघत होत्या. त्यांनी गळ्यातलं भिंग काढलं, पेटीचं झाकण उघडलं आणि आतली सगळी कार्डं एकेक करून पालथी घातली.

‘‘माझ्यापासून सुरू कर,’’ त्या म्हणाल्या.

मुलीने दिवा टेबलाच्या कडेला ठेवला आणि त्याची मान अगदी खाली आणली. मग ती गुडघ्यांवर बसली, पहिल्या कार्डाशी डोळा नेला आणि तिथलं नाव मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्या कार्डावरचं. मग तिसऱ्यावरचं. आणि प्रत्येक नावानंतर ती थोडा वेळ थांबत होती, कुठून कोणी ओ देतंय का, ते ऐकायला.